गहू सोडला, वजन उतरलं: मग दोष गव्हाचाच का?



पेट पास झाली की आपल्याकडे सगळ्यांची एकच धावपळ सुरू होते: सिनॉप्सिससाठी विषय. यंदा माझ्याकडे आलेल्या ज्युनियर्सपैकी तिघांनी जवळजवळ सारखाच विषय आणला होता. 'तरुणांमधील फूड सेन्सिटिव्हिटी आणि लठ्ठपणा यांचा संबंध.' कुणी विदर्भ घातला होता, कुणी नागपूर शहर, कुणी फक्त कॉलेजच्या मुली. विषय वाईट नाही. पण तिघांनाही मी तोच प्रश्न विचारला, जो माझ्या गाइडनी मला पहिल्या दिवशी विचारला होता: "हे मोजणार कसं?"

तिघांचंही उत्तर एकच. "मॅडम, प्रश्नावली देऊ ना. कोणता पदार्थ मानवत नाही ते विचारू, आणि वजन-उंची घेऊ."

हा लेख त्या उत्तरात काय चुकतंय ते सांगण्यासाठी आहे. आधी घरातली एक गोष्ट सांगते, कारण हा प्रश्न मला पुस्तकात नाही, मामाच्या घरी जेवताना भेटला. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितेय.

एकच तपासणी, दोन वजनं

माझी मामेबहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, वजन कमी करायच्या मागे होती. ६८ किलो. एका जाहिरातीत तिने 'फूड इनटॉलरन्स टेस्ट' पाहिली. रक्ताचा एक नमुना, दोनशेच्या वर पदार्थ, रंगीत रिपोर्ट. दोघांनी केली तर सूट होती, म्हणून तिने धाकट्या भावालाही नेलं. तो तेव्हा १७ वर्षांचा, हाडकुळा. मामी नेहमी म्हणायची, "इतकं खातो पण अंगीच लागत नाही बाप्पा याच्या."

दोघांचे रिपोर्ट आले. लाल रंगात दोघांनाही गहू आणि दूध. शिवाय भावाला तूरडाळ, शेंगदाणे, अंडी आणि आणखी बरंच काही. सल्ला दोघांना सारखाच: लाल यादीतलं सगळं बंद.

तीन महिन्यांत ताईचं वजन पाच किलोंनी उतरलं. घरात आनंद. भावाचं पोट आधी वरचेवर बिघडायचं, तेही शांत झालं. म्हणजे रिपोर्ट खरा, असं सगळ्यांनी मानलं. मीही मानलं, आणि तेव्हा मी न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. करत होते, हे लाजतच सांगते.

पण भावाचं वजन काही वाढेना. ४४ किलोंवर अडकलेलं. आठ महिन्यांनी जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ९. डॉक्टरांना सीलिएकची शंका आली, त्यांनी टीटीजी नावाची अँटिबॉडी तपासली. निगेटिव्ह. मग त्यांनी विचारलं, "गहू खातो ना हा?" मामी अभिमानाने म्हणाली, "आठ महिन्यांपासून बंद आहे."

डॉक्टर म्हणाले, "मग या तपासणीला काहीच अर्थ नाही."

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. तोवर प्रश्न लक्षात ठेवा: एकच तपासणी, एकच सल्ला, आणि एकाचं वजन उतरलं, दुसऱ्याचं वाढायला हवं होतं ते वाढलं नाही. या दोन्हींत गव्हाचा हात किती?

'मानवत नाही' म्हणजे नेमकं काय?

आपल्या भाषेत यासाठी शब्द पुष्कळ आहेत. दूध पचत नाही. वांगं बाधतं. हरभऱ्याची डाळ वातूळ पडते. कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं आणि मग आमसुलाचं पाणी लावतात. अमुक गोष्ट मानवत नाही. अन्न अंगी लागत नाही. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण शरीरात यामागे वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. प्रश्नावलीत 'मानवत नाही' यावर खूण करून घेतली, की त्या सगळ्या एकाच रकान्यात जाऊन बसतात.

निदान तीन तरी वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली, ॲलर्जी. इथे प्रतिकारशक्ती आयजीई नावाच्या अँटिबॉडीमार्फत पदार्थावर तुटून पडते. काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत परिणाम दिसतो: गांधी, ओठ सुजणं, उलटी, क्वचित श्वास अडकणं. शेंगदाणा, मासे, कोळंबी, लहान मुलांत दूध आणि अंडी हे नेहमीचे पदार्थ. प्रमाण अगदी थोडं असलं तरी चालत नाही.

दुसरी, असहिष्णुता. यात प्रतिकारशक्तीचा संबंध नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडायला लॅक्टेज हे विकर लागतं. जगातल्या बहुसंख्य लोकांत ते लहानपणानंतर कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो, पोट फुगतं, जुलाब होतात. इथे प्रमाणाला महत्त्व आहे. अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारसा त्रास न होता चालतं. दही-ताक तर बऱ्याच जणांना सहज चालतं, कारण काही लॅक्टोज विरजणातच खर्च झालेलं असतं.

तिसरी, सीलिएक. हा आजार आहे, नुसती तक्रार नाही. गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. अन्न शोषणारे बारीक उंचवटे सपाट होतात. लोह, कॅल्शियम, चरबी नीट शोषली जात नाही. भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २३ हजारांहून जास्त प्रौढ तपासले गेले. उत्तरेत प्रमाण १ टक्क्याच्या आसपास निघालं, दक्षिणेत त्याहून खूपच कमी. पाहणी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांत होती. पोळी आणि भात दोन्ही खाणारा आपला विदर्भ त्यात नाही. विषय शोधत असाल तर इथे एक जागा रिकामी आहे, एवढं टिपून ठेवा.

आणि 'सेन्सिटिव्हिटी'? हा शब्द या तिन्हींच्या बाहेर उरलेल्या सगळ्यासाठी वापरला जातो. त्यात काही खरे त्रास आहेत, पण त्यांची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. ज्याची व्याख्या नाही ते तुमच्या सिनॉप्सिसमध्ये व्हेरिएबल म्हणून बसणार कसं?

वजन कोणत्या वाटांनी बदलतं?

पदार्थ मानवत नाही, म्हणून वजन बदललं, असं म्हणताना मधली वाट दाखवावी लागते. अशा चार वाटा मला दिसतात.

एक, शोषण. सीलिएकमध्ये ही वाट अगदी खरी आहे. खाल्लेलं अंगी लागत नाही, कारण ते रक्तात पोचतच नाही. तरी सीलिएकचा प्रत्येक रुग्ण बारीकच असतो असं समजू नका. निदान होताना वजन नेहमीइतकं किंवा जास्त असलेलेही बरेच असतात. उलट लॅक्टोजच्या बाबतीत ही वाट फार अरुंद आहे. हिशेब करा: कपभर दुधातलं १२ ग्रॅम लॅक्टोज, गुणिले ४, म्हणजे ४८ कॅलरी. ते सगळंच्या सगळं वाया गेलं तरी एवढंच. त्यातलाही काही भाग जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लांच्या रूपात शरीर परत मिळवतं.

दोन, खाणं बदलणं. त्रास होतो म्हणून माणूस काही सोडतो, त्याजागी दुसरं काही घेतो किंवा घेत नाही. वजनावर सर्वांत मोठा परिणाम बहुतेक वेळा याच वाटेने होतो. अनेक पदार्थांची ॲलर्जी असलेल्या मुलांची वाढ खुंटते ती बऱ्याचदा वगळलेल्या अन्नाच्या जागी पुरेसं दुसरं काही न आल्यामुळे.

तीन, पाणी आणि पोटातला ऐवज. शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन साठलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी. पोळी-भात अचानक कमी केला की हा साठा उतरतो आणि पहिल्याच आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात. चरबी तेवढी गेलेली नसते. पोट फुगणं थांबलं की पँट सैल होते, तेही चरबी जाणं नव्हे.

चार, दाह. 'न मानवणाऱ्या पदार्थाने शरीरात सूज येते आणि त्यामुळे चरबी साठते' हे वाक्य तुम्ही जाहिरातींत सर्वांत जास्त वाचाल. लठ्ठपणात सौम्य दाह असतो हे खरं आहे. पण सेन्सिटिव्हिटीच्या यादीतला पदार्थ सोडला, कॅलरी तेवढ्याच ठेवल्या, आणि केवळ दाह उतरल्यामुळे चरबी गेली, हे माणसांत दाखवायला लागतं. तो पुरावा फार तोकडा आहे.

तो रंगीत रिपोर्ट काय मोजतो?

अशा बहुतेक तपासण्या आयजीजी नावाच्या अँटिबॉडी मोजतात. आयजीई आणि आयजीजी, अक्षर एकच बदललं, पण अर्थ पार बदलतो. आपण जे नेहमी खातो त्याची ओळख शरीराला असते आणि त्या ओळखीची खूण म्हणून आयजीजी तयार होते. ती निरोगी माणसातही असते. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केलं की आयजीजी-४ ची तपासणी पदार्थाची ॲलर्जी किंवा असहिष्णुता ठरवण्यासाठी वापरू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या तज्ज्ञ संघटनांनीही नंतर तेच म्हटलं.

आता नागपुरातल्या घराचा रिपोर्ट डोळ्यांपुढे आणा. लाल यादीत काय येणार? गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे. म्हणजे आपण रोज खातो तेच.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. समजा एखादी तपासणी प्रत्येक पदार्थासाठी फक्त ५ टक्के वेळा चुकून 'लाल' दाखवते. दोनशे पदार्थ तपासले तर सरासरी दहा पदार्थ निव्वळ योगायोगाने लाल येणार. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला आपण 'मल्टिपल टेस्टिंग' पाठ करतो ना, ते हेच. फक्त परीक्षेत ते पाच मार्कांचं असतं आणि इथे कुणाच्या तरी ताटातून डाळ जाते.

ताईचे पाच किलो कुठे गेले?

ताईला मी नंतर बसवून विचारलं, गहू सोडण्याआधी दिवसभरात काय काय खायचीस? चार पोळ्या, तूप लावून. सकाळी चहासोबत टोस्ट किंवा खारी. चार वाजता बिस्किटं. आठवड्यातून दोनदा बाहेर समोसा. दूध बंद म्हणून चहा दोनदाचा एकदा झाला, साखरही गेली. संत्रा बर्फी बंद. पोळीच्या जागी दोन ज्वारीच्या भाकरी आल्या.

ढोबळ हिशेब केला तर रोजच्या साधारण ५०० कॅलरी कमी झाल्या होत्या. ९० दिवसांच्या ४५ हजार. एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी धरतात. कागदावर पावणेसहा किलो. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. ताईचं उतरलं पाच.

म्हणजे ताईच्या वजनाचा सगळा हिशेब गव्हाच्या 'सेन्सिटिव्हिटी'चं नावही न घेता लागतो. गहू सोडला म्हणताना तिने गहू नाही, बेकरी सोडली होती. अमेरिकेत २०१९ मध्ये केविन हॉल यांच्या गटाने २० माणसांना महिनाभर संशोधन केंद्रातच ठेवलं आणि आळीपाळीने दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. हवं तेवढं खा, असं सांगून. तयार खाण्याच्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलो वाढलं. त्यांना काही न मानवण्याचा प्रश्नच नव्हता.

याचा अर्थ ताईला गव्हाचा त्रास नव्हताच, असं सिद्ध झालं का? नाही. इतकंच म्हणता येतं की वजन उतरणं हा त्या त्रासाचा पुरावा नव्हे. ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि व्हायव्हात नेमकं यावरच पकडतात.

मग त्रास खरा आहे की नाही, कसं ओळखायचं?

सर्वांत भरवशाची पद्धत जुनी आहे: पदार्थ द्यायचा, पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही कळू द्यायचं नाही की आज खरा आहे की खोटा. डबल ब्लाइंड चाचणी.

नॉर्वेतल्या एका अभ्यासाचं उदाहरण मी सगळ्यांना देते. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सीलिएक नसलेले, पण 'ग्लुटेन मानवत नाही' म्हणून स्वतःहून ते सोडलेले ५९ जण. त्यांना सारख्याच दिसणाऱ्या मुसली बार दिल्या. एका आठवड्यात ग्लुटेनच्या, एकात फ्रुक्टानच्या, एकात दोन्ही नसलेल्या. क्रम कुणालाच माहीत नव्हता. फ्रुक्टान ही गव्हात, तशीच कांद्या-लसणात असलेली एक कर्बोदकांची साखळी आहे, आपलं शरीर ती पचवू शकत नाही.

निकाल? सर्वांत जास्त त्रास २४ जणांना फ्रुक्टानच्या आठवड्यात झाला, १३ जणांना ग्लुटेनच्या, आणि २२ जणांना काहीच नसलेल्या बारच्या आठवड्यात.

थोडं थांबून हे आकडे बघा. यातून 'सगळे मनाचे खेळ' असा निष्कर्ष काढू नका. फ्रुक्टानचा त्रास सरासरीतही खरा निघाला. गव्हाने त्रास होतो म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं होतं. असा माणूस पोळी सोडतो आणि सावजीचा कांदा-लसणाचा रस्सा भुरकतो, मग म्हणतो, "गहू सोडूनही पोट दुखतंच आहे." आणि २२ जणांनी हेही दाखवलं की त्रास होणार या धास्तीनेही त्रास होतो. तो त्रास खोटा नसतो, फक्त त्याचं कारण बारमध्ये नसतं.

एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही

इथे वाचक म्हणतील, पण माणसं वेगवेगळी असतात हे तर खरं आहे ना? नागपूरच्या माणसाला हे सांगायला नको. आपल्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी वारंवार खाणं आणि इन्शुलिन यांबद्दल व्याख्यानांत मांडलेला विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेला: दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा. आमच्याच गल्लीत त्याने एकाचं वजन दहा किलोंनी उतरलं, तर शेजारच्या काकू महिनाभर करून म्हणाल्या, "मला काही ते मानवलं नाही." एकच आहारपद्धत, दोन निकाल. मग व्यक्तीगणिक फरक सिद्ध झालाच की!

नाही झाला. आणि संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने हा मुद्दा नीट समजून घ्यावा असं मला वाटतं.

स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ प्रौढांना वर्षभर दोन गटांत ठेवलं: कमी चरबीचा आहार आणि कमी कर्बोदकांचा आहार. २०१८ मध्ये निकाल आला. सरासरी घट ५.३ किलो आणि ६.० किलो, म्हणजे फारसा फरक नाही. पण प्रत्येक गटाच्या आत काहींचं वजन २५ किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. संशोधकांनी आधीच ठरवून दोन गोष्टी तपासल्या होत्या: ठरावीक जनुकांचा नमुना आणि शरीराचं इन्शुलिन स्रवण्याचं प्रमाण. कोणाला कोणता आहार लागू पडेल हे या दोन्हींवरून सांगता आलं नाही.

मग एवढी तफावत कशाची? हॉस्टेलचं उदाहरण घ्या. दोघी मैत्रिणी तीन महिने एकच आहार करतात. एकीचं चार किलो उतरतं, दुसरीचं एक. आता सहा महिने थांबून दोघींना तोच आहार पुन्हा द्या. पुन्हा चार आणि एक आलं, पुढच्या खेपेलाही तसंच आलं, तर म्हणता येईल की फरक त्यांच्या शरीरात आहे. पण दुसऱ्या खेपेला एक आणि चार आलं तर? तर फरक परीक्षेचा होता, दिवाळीचा होता, मेसच्या सुट्टीचा होता.

एकदाच केलेल्या प्रयोगात या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे नियंत्रण गट. आहार न बदललेल्यांचंही वजन तीन महिन्यांत कुणाचं वाढतं, कुणाचं घटतं. आहार केलेल्या गटातली तफावत जर तेवढीच असेल, तर 'व्यक्तीगणिक प्रतिसाद' तुम्ही दाखवलेला नाही.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या गटाने २०१५ मध्ये ८०० जणांची रक्तशर्करा आठवडाभर सतत मोजली. तेच खाणं दिल्यावर वेगवेगळ्या माणसांत साखर वेगवेगळी चढते हे त्यांनी दाखवलं. काम महत्त्वाचं आहे. पण साखर किती चढते हा एक प्रश्न, वजन किती उतरतं हा दुसरा. अमेरिकेत नंतर याच कल्पनेवर बेतलेला व्यक्तिगत आहार आणि साधा कमी चरबीचा आहार सहा महिने समोरासमोर ठेवले गेले. २०२२ मध्ये निकाल आला: वजनाच्या घटीत लक्षणीय फरक नव्हता.

आणि वजन म्हणजे नेमकं कशाचं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर आणि उंचीच्या पट्टीवर सारखेच, आतून दुपटीहून जास्त फरक.

तुमच्या अभ्यासात फक्त वजन-उंची असेल, तर तुम्ही पाणी, स्नायू, चरबी सगळं एकाच आकड्यात कोंबताय. दूध सोडलेल्या ताईसारख्या माणसाचं जे उतरलं त्यात स्नायू किती? माझ्याकडे उत्तर नाही, कारण कुणी मोजलंच नव्हतं.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

त्या तिघांना मी जे सांगितलं ते थोडक्यात.

प्रश्नाचे तुकडे करा. पदार्थामुळे त्रास होतो का, हा एक तुकडा. त्रासामुळे खाणं बदलतं का, हा दुसरा. बदललेल्या खाण्यामुळे वजन किंवा चरबी बदलते का, हा तिसरा. पहिला काही दिवसांत, ब्लाइंड पद्धतीने तपासता येतो. तिसऱ्याला महिने लागतात आणि वजन आठवडाभरात पूर्वपदावर येत नाही. म्हणून तिन्ही एकाच प्रश्नावलीत मावत नाहीत. पीएच.डी.ला एक तुकडा पुरतो.

उलटा बाण तपासा. जाड माणूस वजन उतरवायला गहू-दूध सोडतो आणि मग फॉर्मवर 'मानवत नाही' लिहितो. मग तुमच्या टेबलात सेन्सिटिव्हिटी आणि लठ्ठपणा सोबत दिसणारच. कारण कोणतं, परिणाम कोणता, हे एकाच वेळी घेतलेल्या माहितीतून कळत नाही.

खाणं मोजा. २४ तासांच्या आहाराची नोंद निदान दोन-तीन दिवसांची घ्या, त्यातला एक सुट्टीचा. पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते वापरा. त्यात ५२८ भारतीय पदार्थ आहेत.

ब्लाइंड करण्याची अडचण आधीच मान्य करा. पोळी आणि भाकरी चवीने लगेच ओळखू येतात. कॅप्सूल, सातूसारखं मिश्रण, मुसली बार, काय वापरणार ते लिहा.

आहारात मुद्दाम बदल करणार असाल तर नैतिक समितीची परवानगी आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद, दोन्ही सुरुवातीलाच. नंतर पळापळ होते, अनुभवाने सांगतेय.

आणि सहभागी व्यक्तीला 'अमुक बंद करा' असं सांगण्याआधी सीलिएकची तपासणी झालीय का ते विचारा. हे का, ते मामाच्या घरी कळलं.

भावाचं पुढे काय झालं?

टीटीजी ही अँटिबॉडी ग्लुटेन पोटात जात असेल तोवरच रक्तात वर राहते. गहू बंद केला की ती काही महिन्यांत उतरते आणि आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. म्हणून डॉक्टरांनी भावाला पुन्हा गहू खायला सांगितला. रोज दोन पोळ्या, सहा आठवडे, त्यांच्या देखरेखीत. पंधरा दिवसांत जुने जुलाब परत आले. मामी रोज पोळी वाढायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. सहा आठवड्यांनी तपासणी पॉझिटिव्ह आली, एंडोस्कोपीत तुकडा काढून खात्री झाली. सीलिएक.

म्हणजे रिपोर्टमधला गहू त्याच्या बाबतीत बरोबर निघाला. पण त्याच रिपोर्टने तो ताईलाही लाल दाखवला होता, आणि भावाच्या ताटातून डाळ, दूध, अंडी, शेंगदाणेही काढून घेतले होते. गहू बंद झाल्याने आतडं सुधारत होतं, आणि बाकीचं बंद झाल्याने त्या सुधारलेल्या आतड्याला शोषायला काही मिळत नव्हतं. वजन जागच्या जागी. शिवाय आजाराचं नाव माहीत नसल्याने 'कधीतरी एखादी पोळी चालते' असंही सुरूच होतं. सीलिएकमध्ये ते चालत नाही.

आता त्याचा गहू कायमचा बंद आहे, अगदी काटेकोर. बाकी सगळं परत आलं. ज्वारीची भाकरी आपल्याकडे होतीच, पण ज्या चक्कीवर गहू दळतात तिथली ज्वारी चालत नाही, म्हणून मामाने घरगुती चक्की घेतली. डब्यातल्या बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. वरणाला आता जिऱ्या-लसणाचीच फोडणी. पहिल्या वर्षात त्याचं वजन सात किलोंनी वाढलं.

ताई पोळी खाते. बेकरी तिने स्वतःहून कमीच ठेवली आहे. दोघांचे ते रंगीत रिपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात आहेत, आणि कुणी ज्युनियर 'फूड सेन्सिटिव्हिटी' हा विषय घेऊन आला की मी ते दोन्ही त्याच्यापुढे ठेवते आणि विचारते: यातला कोणता खरा, आणि ते तू मोजणार कसं?

तुमच्या विषयात असा मोजायला अवघड शब्द कोणता आहे, ते नक्की कळवा. त्यावर पुढे बोलू.